अजून किती राहिली?

मला मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज, त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घेते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "थेट डोळ्यात??" आणि दुसरा, "मग अजून किती राहिली?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, हो, थेट. दुसऱ्याला मात्र माझी पंचाईत होते. आपल्याकडे डोळ्याचं दुखणं म्हणजे मोतीबिंदू, लेन्स बसवली, काळा चष्मा लावला, थोडे दिवस डोक्यावरून पाणी नाही, संपलं. हे संपत नाही हो. बीपीची गोळी किती राहिली असं कोणी विचारतं का?

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) अगदी मधला भाग, वाचायला, सुई ओवायला, चेहरा ओळखायला लागतो तो. वयाबरोबर काहींचा झिजतो. बहुतेकांना कोरडा प्रकार असतो, सावकाश जाणारा, माझ्या डाव्या डोळ्यात तोच आहे. उजव्यात ओला. म्हणजे पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, पडदा सुजतो आणि नजर महिनोन्‌महिने नाही, आठवड्यांत उतरू शकते.

मला कळलं ते भिंतीवरच्या कालनिर्णयमुळे. संकष्टी कधी आहे बघायला गेले तर मधल्या चौकोनांच्या रेघांना पोट आलेलं, कडेचे चौकोन एकदम सरळ. चष्म्याच्या दुकानात म्हणाले नंबर वाढलाय, बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं एकमत, मोतीबिंदू. पण मोतीबिंदूत धुरकट दिसतं, सरळ रेघ वाकडी नाही दिसत. पन्नाशी-साठी उलटलेल्या सगळ्यांनी अधूनमधून एकेक डोळा झाकून खिडकीचे गज नाहीतर बाथरूमच्या टाइल्स बघाव्यात असं मला फार वाटतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून नेतो आणि पत्ताच लागत नाही. आता माझ्या फ्रिजवर आम्सलर चार्ट आहे, बारीक चौकोनांची जाळी आणि मधे ठिपका, जवळचा चष्मा लावायचा, फूटभरावरून ठिपक्याकडे बघायचं, रेघ वाकली किंवा तुटली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

तर इंजेक्शन, उजव्या डोळ्यातलं ते पाझरणं थांबवायला. आधी बधिर करणारे थेंब, दोन-तीन वेळा. मग बीटाडीन, आणि खरं सांगू, सगळ्यात झोंबतं ते हेच, सुई नाही. तोंडावर हिरवं कापड, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून क्लिप. "काकू, वर बघा, हलू नका." सुई बुबुळात जात नाही, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब, पांढऱ्या भागात जाते, औषध ०.०५ मिली, म्हणजे एक थेंब धरा. थोडा दाब जाणवतो आणि झालं. कधीकधी नंतर खाली काळे गोल गोल तरंगताना दिसतात, हवेचे बुडबुडे असतात, एक-दोन दिवसांत जातात. पांढऱ्यावर लालभडक डाग पडतो तोही आपोआप जातो, शेजारणी घाबरतात तेवढंच. घाबरायचं ते वेगळ्यासाठी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढत गेलं, नजर अंधुक झाली तर ते आतलं इन्फेक्शन असू शकतं, क्वचित होतं पण झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी गाठायचं.

औषधांची गंमत अशी की स्वस्तातलं बेव्हासिझुमॅब हे मुळात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं औषध, अमेरिकेत २००४ ला मान्यता मिळाली ती त्यासाठी. त्या मान्यतेत डोळा नव्हताच, पण जगभर डोळ्यासाठी वापरतात, आणि २०११ साली अमेरिकेत दोन औषधांची तुलना करणाऱ्या कॅट नावाच्या चाचणीत ते रॅनिबिझुमॅब ह्या डोळ्याच्याच महागड्या औषधाच्या तोडीस तोड निघालं. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१५ पासून आहे, तीही मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त. त्यामुळे डॉक्टरांना पैशाचं स्पष्ट विचारा, लाजू नका, हे एकदाचं बिल नाहीये. आणि विम्याचं. आमच्या कंपनीने पहिला क्लेम नाकारला, तुम्ही २४ तास ॲडमिट नव्हतात म्हणे! विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत आधुनिक उपचारांची यादी होती, त्यात डोळ्यातली ही इंजेक्शनं नावानिशी होती, कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकत होती पण सरसकट हात वर करू शकत नव्हती. ह्यांनी तो कागद जोडून पत्र पाठवलं, मग हलले.

सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन देतात, आणि इथेच घोळ होतो. वेटिंगमध्ये एक काका भेटले होते, नाशिककडचे, तीन झाली म्हणजे कोर्स पुरा समजून घरी बसले, परत आले तेव्हा त्या डोळ्याने डॉक्टरांची बोटंसुद्धा मोजता येत नव्हती. तीन ही नुसती सुरुवात असते. नंतर ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, काढून पाणी दिसलं नाही तर इंजेक्शनांमधलं अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात, पाणी दिसलं की परत कमी. माझं दहा आठवड्यांपर्यंत गेलं, परत आठवर आलं. ओसीटीच्या प्रिंटवर आता ह्यांनाही पाण्याचे काळे कप्पे ओळखता येतात, स्क्रीनकडे बघून डॉक्टर म्हणाले "पाणी नाहीये" की आम्ही दोघं खूश. पाणी नाहीये ऐकून डोंबिवलीकर खूश होतो तो फक्त ह्या एका खोलीत. नजर वाढेलच असं नाही, आहे तेवढी राहिली की जिंकलो. घरच्यांना हे पटवायला मला सुईपेक्षा जास्त त्रास झाला, लेक अजून विचारते, "आई, फरक पडला का?" फरक पडला नाही हाच तर रिझल्ट आहे बाई!

गाजराचा रस, तुपाचे थेंब, सगळं फॉरवर्ड होऊन आलंय. डोळ्यात काहीही घालू नका प्लीज. ल्युटिन-झिअॅक्झँथिनच्या (पालेभाज्यांतली रंगद्रव्यं) गोळ्या घेते त्या डाव्या डोळ्यासाठी, डॉक्टरांनी दिल्यात म्हणून. सिगरेट ओढणारे कोणी वाचत असतील तर ती मात्र ह्या आजाराला खरंच खतपाणी घालते.

बाकी चाललंय. मोबाइलचे फाँट मोठे, पेपर हे वाचून दाखवतात (अग्रलेख गाळतात, मला कळतं), तांदूळ निवडायचे सुनेने, फोडणी माझी. चेहरे तेवढे मधोमध पुसल्यासारखे होतात, कडेने साडीचा रंग आणि चाल दिसते त्यावरून ओळखते. तेव्हा जिन्यात समोरून हसलात आणि मी तशीच पुढे गेले तर शिष्ट झाली म्हणू नका, सरळ आवाज द्या.