पर्जन्यमापकाची वही आणि चिंचोके

मी ८७ ची दहावी, ब तुकडी. सध्या बेंगळुरूला असतो, आडुगोडीला राष्ट्रीय पशुपोषण संस्था आहे तिथे शास्त्रज्ञ म्हणून काम करतो आणि गेली वीसेक वर्षं माझा विषय एकच, गाई-म्हशींच्या पोटातून निघणारा मिथेन कमी कसा करायचा. स्मरणिकेसाठी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मला आधी वर्ग नाही, मैदान नाही, ती लाल पुठ्ठ्याची वही आठवली.

पर्जन्यमापकाची वही. आपल्या विज्ञानाच्या सरांनी (नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना कळलंच असेल) शाळेच्या मागे, चिंचेपासून लांब मोकळ्यावर पर्जन्यमापक बसवला होता आणि रोज सकाळी साडेआठला एकानं जाऊन बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे आणि वहीत लिहायचे. दहावीत ते काम माझ्याकडे आलं आणि नेमकं त्याच वर्षी पावसानं ओढ दिली. मी रोज जायचो, बाटली कोरडी ठणठणीत, मग लिहायचं काय म्हणून तारीख टाकून पुढचा रकाना तसाच सोडून द्यायचो. चार दिवसांनी सरांनी वही बघितली आणि विचारलं, "चार दिवस आला नव्हतास का?" म्हटलं आलो होतो सर, पाऊसच नव्हता. सर म्हणाले, "मग कोरं का सोडलंस? कोरं म्हणजे कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. दोन्हीत फरक आहे." मग मी तिथेच उभं राहून चार शून्यं लिहिली, आणि त्यानंतर त्या पावसाळ्यात लिहिलेल्या शून्यांची पानंच्या पानं भरली.

त्या वर्षी आमच्या घरची देवणी गाय नुसत्या कडब्यावर होती, तोही काळा पडलेला. ती दिवसभर रवंथ करायची, पोट भरल्यासारखं दिसायचं आणि दूध मात्र पावशेराच्या वर जाईना. दादा म्हणायचे, खातेय तर सगळं, मग जातंय कुठं? ह्या प्रश्नाचं थोडं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं, परभणीला व्हेटर्नरी करून पुढे कर्नालला शिकायला गेलो तेव्हा.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात हे आपल्याला शाळेत होतंच. त्यातलं पहिलं, कोटीपोट, म्हणजे एक मोठी आंबवणाची टाकीच. तिथले जिवाणू चारा कुजवतात, त्यातून गाईला ताकद मिळते पण सोबत हायड्रोजनही तयार होतो. तो साठून राहिला तर आंबवणच मंदावेल, म्हणून तिथलेच दुसरे सूक्ष्मजीव, आर्किया, तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. गोबरगॅसच्या शेगडीवर जो निळा जाळ दिसतो तोच हा वायू. लोकांना वाटतं तो मागून जातो, पण जवळजवळ सगळा ढेकरातून, तोंडानं जातो. खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के अशी हवेत उडून जाते, आणि चारा जितका निकस तितकं एका लिटर दुधामागचं हे नुकसान जास्त. म्हणजे आमची गाय त्या काळ्या कडब्यातला बराच वाटा ढेकरातूनच घालवत होती.

आणि हवेत गेल्यावर हाच मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींच्या वर भरल्या, म्हणून एकेका जनावराचा मिथेन थोडा असला तरी बेरीज मोठी होते. पण ह्यावरून कुणी गाईलाच गुन्हेगार ठरवायला लागलं की मला खरंच राग येतो. तिला जे वैरण म्हणून टाकलं ते तिनं खाल्लं, बस. चांगली गोष्ट अशी की मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, त्यामुळे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण गावाकडे सगळे हेच विचारतात. आमच्याकडे काही बैलांच्या कुशीला झाकण बसवलेलं असतं, ऑपरेशन करून, बैल मजेत खातपीत असतो. सकाळी वैरण टाकायच्या आधी त्यातून कोटीपोटातलं पाणी काढायचं, मलमलच्या चार पदरांतून गाळायचं आणि गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये भरून लॅबकडे पळायचं, कारण ते थंड झालं किंवा त्याला हवा लागली की आतले जीव मरतात. हिरवट तपकिरी, कोमट, आंबूस वासाचं पाणी, तो वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. मग १०० मिलीच्या काचेच्या सिरिंजमध्ये थोडा चारा, हे पाणी, आणि जो झाडपाला तपासायचा त्याची पूड, आणि सिरिंज ३९ डिग्रीला ठेवायच्या. गॅस बनेल तसा दांडा वर सरकतो. रात्री दोनला उठून ते आकडे लिहिताना मला कितीदा तरी ती लाल वही आठवली आहे.

रिठा, लसूण, बाभळीच्या शेंगा, जांभळाची पानं, काय काय तपासलं. एका पाल्यानं सिरिंजमध्ये मिथेन निम्म्यावर आणला, आम्ही सगळे हरखून गेलो, आणि जनावराला दोन महिने खाऊ घातल्यावर फरक काहीच नाही. तेव्हा एका वरिष्ठांनी सुचवलं की जनावरांवरचा तक्ता लेखातून गाळ, सिरिंजचाच छाप. मी नाही गाळला. लेख परत आला, दुसरीकडे पाठवला, वर्ष गेलं, पण शून्य तिथं छापलं गेलं आणि मला वाटतं त्यामुळे कुणाची तरी दोन वर्षं वाचली असतील.

आणि मग चिंचोके. आपण चिंचेखाली बसून भाजलेले चिंचोके खायचो, त्याचं तपकिरी टरफल चुकून चावलं गेलं की जीभ कशी आखडायची आठवतंय? तो तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. हेच टॅनिन बेतानं दिलं तर कोटीपोटात मिथेन बनवणाऱ्यांना आवर घालतं, आणि चाऱ्यातल्या प्रथिनांना धरून ठेवून पुढे चौथ्या पोटात, आंबट पाण्यात, सोडून देतं. जास्त झालं तर जनावर वैरणीला तोंड लावत नाही, सगळी मेख प्रमाणात आहे. चिंचोक्याच्या पिठाच्या गिरण्यांतून हे टरफल असंच बाहेर पडतं, त्यावर आमच्या संस्थेत पुष्कळ काम झालंय. टॅनिनवाल्या झाडपाल्यापासून बनवलेलं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्यही आमच्याच संस्थेचं, त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो.

बाहेर याहून मोठे आकडे आहेत. लाल समुद्री शेवाळानं अमेरिकेत ८० टक्क्यांच्या वर घट दिसली, युरोपात २०२२ ला मंजूर झालेली एक पावडर दुभत्या गाईंत ३० टक्क्यांच्या आसपास घट देते. पण दोन गाई असलेल्या माणसाला रोज ते विकत घेऊन घालणं कसं परवडणार, मला तरी चिंचोकाच जवळचा वाटतो.

दादांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग ती वाचलेली ताकद दुधात उतरते का?" मी खरं तेच सांगितलं, कधी उतरते, कधी नाही, बऱ्याच वेळा नाही. ते म्हणाले, मग शेतकरी कशाला घालील? ह्यावर माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही, सध्या माझं सगळं काम ह्याच प्रश्नावर चालू आहे. दादा तीन वर्षांपूर्वी गेले.

कार्यक्रमाला मी नक्की येतोय. सरांना भेटायचंय. ती लाल वही ऑफिसच्या कपाटात असेल तर कुणीतरी शोधून ठेवा, आणि शिपाईमामांना सांगून आपल्या चिंचेचे दोन किलो चिंचोके बाजूला काढून ठेवा, न भाजलेले, टरफलासकट. प्रत्येक झाडाचं टॅनिन वेगळं असतं आणि शाळेच्या झाडाचं अजून कुणी मोजलेलं नाही.