जोतिबाचा गुलाल आणि तीन स्क्रीन

चैत्र यात्रेचे फोटो अजून एडिट करतोय, हसू नका. सासनकाठ्यांवर उधळलेला गुलाल माझ्या मॉनिटरवर अगदी डोंगरावर पाहिला तसा. भावाच्या लॅपटॉपवर तोच फोटो काळपट, वर निळसर झाक. आणि राजारामपुरीतल्या मित्राच्या वाइड गॅमट (नेहमीपेक्षा जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर माणसं तांबड्या रश्श्यात बुडवून काढल्यासारखी.

शेवटी त्याच मित्राचा कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, रविवारपर्यंत मागून आणला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, नाइट लाइट बंद केला, खिडकी झाकली. डिस्प्लेकॅल या रंग जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरा ६५०० केल्विनला, गॅमा २.२, ब्राइटनेस १२० कँडेला असं ठरवलं. पहिलंच माप आलं २७० कँडेला! एवढ्या लखलखाटात बसून मी प्रत्येक फोटो ‘जरा जास्तच उजळ झालाय’ म्हणत खाली ओढत होतो. दुसऱ्याकडे तो काळाच दिसणार की. भावाच्या लॅपटॉपला उगाच शिव्या घातल्या. निळी झाक मात्र त्याचीच, ती माझ्या अंगावर घेणार नाही.

मित्राच्या मॉनिटरचं दुखणं वेगळं निघालं. फाइल लहान व्हावी म्हणून एक्सपोर्ट करताना मी मेटाडेटाबरोबर आयसीसी प्रोफाइलही (फाइलमधला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग ते सांगणारी चिठ्ठी) काढून टाकत होतो. प्रोफाइल नसलं की त्याचा व्ह्यूअर आकडे तसेच पुढे ढकलतो, आणि २५५ लाल म्हणजे त्या मॉनिटरला जमेल तेवढा भडक लाल. आता एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात रूपांतर करून प्रोफाइल फाइलमध्येच ठेवतो. ते प्रोफाइल असतं जेमतेम तीन केबीचं. एवढ्यासाठी वर्षभर काटकसर!

मधे एकानं सांगितलेलं, ‘ॲडोब आरजीबीत काढ, गुलाल खुलेल.’ हा एसआरजीबीपेक्षा मोठा रंगपट्टा. काढला, काही खुलला नाही. मग दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. लाल आणि निळ्याची टोकं दोन्हीकडे तीच, फक्त हिरव्याचं टोक पुढे सरकलेलं. गुलालाचा गुलाबी लाल-निळ्याच्या मधला, त्याच्या पदरात काय पडणार? पावसाळ्यातला पन्हाळा असता तर गोष्ट वेगळी होती.

खरी चूक अजून शिल्लक आहे. ढगासारख्या उडालेल्या गुलालात लाल चॅनेल २५५ या कमाल आकड्याला जाऊन चिकटलाय, त्यामुळे कणकण दिसायच्या जागी सपाट गुलाबी थापा. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलवरून परत सुरुवात केली. तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन थोडं उतरवलं, एक्स्पोजर पाव स्टॉप खाली. पोत परत आला, आणि गंमत म्हणजे आता तिन्ही स्क्रीनवर गुलाल एकाच घरातला वाटतो.

कॅलिब्रेटर परत द्यायच्या आधी भावाचा लॅपटॉपही मोजायचा विचार होता. तो लॅपटॉप काही सोडायला तयार नाही. म्हणतोय, “निळं हाय ते असू दे, डोळ्याला गार वाटतंय.”