मोठ्या लुअरच्या घरगुती पेट्या: काम कुठवर आलं

मंडळी, समुद्रात गळ टाकून मासे पकडायचे माझे मोठे लुअर (माशाला फसवणारी गळ लावलेली नकली आमिषं), म्हणजे रुंद तोंडाचे पॉपर आणि सडपातळ स्टिकबेट, ठेवायला दोन पेट्या करायला घेतल्या आहेत. खडपावर, म्हणजे समुद्राकाठच्या कातळावर, न्यायची जवळजवळ तयार झाली, घरी ठेवायची निम्म्यावर आली. दर्या निवळून पुन्हा कातळावर उभं राहता येईपर्यंत दुसरीही पुरी करायची आहे, म्हणून आत्तापर्यंतचं काम मापांसकट मांडतो.

कप्प्यांचे तयार डबे मिनोंना, म्हणजे छोट्या माशासारख्या लुअरना, चांगले आहेत. पण जीटी (जायंट ट्रेव्हली) या मोठ्या माशासाठी वापरतो तो १५०-२०० मिमीचा पॉपर त्यात आडवाच पडतो. शेजारी दुसरा ठेवला की ट्रेबल (तीन टोकांचे गळ) एकमेकांत शिरतात, एक उचलला की तीन वर येतात, आणि ऐन भरतीला समोर पाणी ढवळून निघत असताना आपण पक्कड घेऊन गळ सोडवत बसतो. शिवाय मोठ्या गळाची टोकं शेजारच्या लुअरचा रंग खरवडतात. लाकडी लुअरवर असा ओरखडा इपॉक्सीच्या लेपाच्या आत गेला की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वरचा थर सुटायला लागतो. हाताने घडवलेल्या लुअरची अशी दशा बघवत नाही.

एकच पेटी दोन्ही कामं करू शकत नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. ओल्या लुअरला वारा लागतो, कोरड्या लुअरला घट्ट झाकण. खाऱ्या पाण्यातून आलेला लुअर झाकणबंद डब्यात गेला की मिठाचा थर ओल धरून ठेवतो आणि गळ गंजायला लागतात. उलट पावसाळ्यात कोकणातली हवाच इतकी दमट असते की धुऊन पुसून उघड्यावर टांगलेले गळसुद्धा तांबूस होतात. म्हणून बाहेर न्यायची पेटी खालून-वरून उघडी आणि घरची पूर्ण बंद, असं ठरवलं.

आधी बाहेरची. तिचं अंग म्हणजे खाद्यतेलाचा १५ लिटरचा चौकोनी प्लास्टिकचा कॅन. हॉटेलवाल्यांकडे किंवा भंगारवाल्याकडे सहज मिळतो. पत्र्याचा डबा मुद्दाम घेतला नाही, खाऱ्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. हा कॅन एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा असतो: गंजत नाही, आपटला तर तडकत नाही, आणि कालवांनी भरलेल्या कातळावर फरफटला तरी नुसते चरे पडतात. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोन-तीनदा धुतला की तेलकटपणा जातो. मग वरचा भाग हॅक्सॉच्या पात्याने कापून उंची २६ सेंमी ठेवली आणि कड पॉलिश पेपरने घासून घेतली.

आत पीव्हीसी पाइपचे उभे तुकडे. इथे माप नीट समजून घ्या, कारण सगळी पेटी त्यावर उभी आहे. आपल्याकडे हा पाइप ५०, ६३, ७५, ९० मिमी अशा मापांत येतो आणि ते माप बाहेरच्या व्यासाचं असतं. आतली जागा त्याहून कमी, पाइप किती जाड आहे त्यावर. लुअरची जाडी बघून पाइप घेऊ नका. लुअरवर गळ आणि स्प्लिट रिंग (गळ लुअरला जोडणारी कडी) चढवा, तो उभा धरा आणि गळांचा पसारा मोजा. माझ्या मोठ्या पॉपरवरचे ट्रेबल ५/० या मोठ्या मापाचे आहेत. पोटाचा ट्रेबल एका बाजूला लोंबतो, त्यामुळे पॉपरचं अंग आणि गळ मिळून ५० मिमीच्या पाइपात घासतात आणि ६३ मध्ये मोकळे उतरतात. सडपातळ स्टिकबेटला, विशेषतः ट्रेबलऐवजी सिंगल हुक लावले असतील तर, ५० मिमी पुरतो.

कॅनची आतली रुंदी २२ सेंमी. ६३ चे तीन पाइप शेजारी-शेजारी ठेवले की १८९ मिमी होतात, म्हणजे तीन ओळींत नऊ पाइप बसले आणि एका बाजूला तीन सेंमीची पट्टी उरली. त्या सांदीत वायरिंगचे २५ मिमीचे पाइप उभे केले. त्यांत लांबुडके जिग (धातूचे जड लुअर) जातात. प्रत्येक मोठ्या तुकड्याची लांबी २० सेंमी. पाइप एकमेकांना जिथे टेकतात तिथे प्लंबरचं सोल्यूशन लावलं, ते पीव्हीसीला विरघळवून एकजीव करतं. कॅनला मात्र ते सोल्यूशन धरत नाही. म्हणून पाइपांचा जुडगा कॅनच्या भिंतीला भोकं पाडून केबल टायने आवळला आहे. हे बरंच झालं, कारण टाय कापले की सगळा जुडगा बाहेर काढून धुता येतो.

पाइपांच्या वरच्या कडा कानसीने आतून उताराच्या केल्या. कड सरळ कापलेली राहिली तर लुअर काढताना गळाचं टोक तिथेच अडतं. तळाला ड्रिलने ८ मिमीची भोकं पाडली आणि त्यावर प्लास्टिकची जाड जाळी टाकली, म्हणजे पाइप तळाला चिकटून बसत नाहीत आणि पाणी साचत नाही.

लुअर ठेवायचा शेपटी खाली, तोंड वर. यावर आपल्यात मतभेद आहेत, ठाऊक आहे. पण निसरड्या कातळावर, डोक्याला टॉर्च लावून हात घालताना बोटांना आधी तोंडाची, दोरी बांधायची तार लागावी, गळ नव्हे, असं मला वाटतं. पॉपरचं तोंड बाहेर दिसल्यामुळे रंगही लगेच ओळखता येतो.

आता घरची पेटी. कवच म्हणून चार खटक्यांचा, रबरी कडेचा मोठा प्लास्टिक डबा घेतला. आतले कप्पे सनपॅकचे, म्हणजे आतून पन्हळी असलेल्या प्लास्टिकच्या शीटचे, जाडी ५ मिमी. सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचा असल्याने त्यालाही सोल्यूशन किंवा साधा गोंद नीट धरत नाही, म्हणून पट्ट्यांना अर्ध्या उंचीच्या खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या. पन्हळी उभ्या राहतील अशाच पट्ट्या कापा. आडव्या राहिल्या तर त्यात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते.

घरी घाई नसते, म्हणून इथे लुअर उलटा टांगतो: शेपटीचा गळ पट्टीच्या कडेला, तोंड खाली. सनपॅकची कड गळाने कुरतडली जाते, त्यावर उपाय गवंड्याच्या लेव्हल पाइपाचा, म्हणजे मऊ पीव्हीसीच्या नळीचा. तो लांबीत चिरून कडेवर दाबून बसवला. मऊ पीव्हीसीमधलं तेल रंगाला लागलं तर रंग चिकट होऊ शकतो, पण इथे पाइपाला फक्त गळाचा वाक टेकतो, रंगवलेलं अंग नाही. याच कारणाने रबरी शॅड आणि वर्म, म्हणजे तसल्याच मऊ प्लास्टिकचे लुअर, या पेटीत अजिबात नाहीत. ते आपापल्या मूळ पिशवीतच राहू द्यावेत.

या पेटीत जायची अट एकच: गोड्या पाण्यात धुतलेला, सावलीत पूर्ण सुकलेला लुअर. धुताना स्प्लिट रिंगमध्ये पाणी जाईल असं हलवा. स्टेनलेसची रिंग आणि साध्या पोलादाचा गळ खाऱ्या ओलीत एकत्र राहिले की गंज गळाला धरतो, रिंगला नाही, आणि तो नेमका दोघांच्या जोडावर सुरू होतो. गंजलेला एकही गळ आत नको, तो आधी बदला. डब्याच्या तळाला सिलिका जेलच्या पुड्या आहेत. रंग बदलणारं जेल घेतलं तर ओल भरल्याचं दिसतं आणि मंद आचेवर गरम करून तेच पुन्हा वापरता येतं. झाकण वारंवार उघडत राहिलो तर जेलचा उपयोग नाही, म्हणून कुठल्या कप्प्यात काय आहे याची यादी झाकणावर बाहेरून चिकटवणार आहे.

राहिलेलं काम: घरच्या पेटीतल्या शेवटच्या दोन ओळी, आणि बाहेरच्या पेटीला खांद्याचा पट्टा. पट्टा एकाच बाजूला बांधला तर चढताना पेटी कलते आणि लुअर निम्मे बाहेर येतात. सध्या वरून बंजी दोरीची जाळी ताणली आहे. वारा राहतो आणि लुअर आतच बसतात, पण गळ त्या दोरीत अडकतात का, हे खडपावरच कळेल. पट्ट्यासाठी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मोठे वॉशर लावून रिवेट मारायचा विचार आहे. एचडीपीईवर रिवेट ओढ लागून सैल होतात का, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, नाहीतर कॅनच्या तळाखालून पट्टा फिरवून घेईन.