गाडीचं हवापाणी

गाडीतला हीटर मी पहिल्यांदा लावला तो मे महिन्यात, भर दुपारी, कुंभार्ली घाटात.

२०२४ ची गोष्ट. गुहागरहून पुण्याला परत येत होतो. गाडीत मी, सासूबाई, धाकटी जाऊ आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. डिकीत चार फणस, आंब्याच्या दोन पेट्या, वीसेक नारळ आणि आमसुलांचा डबा. गाडी २०१६ ची, सेकंड हँड घेतलेली हॅचबॅक. चालवते मीच. सर्व्हिसिंग वेळेवर, ऑइल वेळेवर, विमा वेळेवर, त्यामुळे गाडीचं आपण सगळं बघतो असा माझा ठाम समज होता.

पोफळी मागे टाकली आणि चढ सुरू झाला. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. ओव्हरटेक करायला जागा नाही, म्हणून त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत, एसी फुल. तापमानाचा काटा एरवी अर्ध्याच्या जरा खाली झोपलेला असतो. तो वर सरकलेला मला दिसला, पण चढ आहे, ऊन आहे, होणारच, असं म्हणून मी दोन वळणं तशीच काढली. तिसऱ्या वळणावर तो लाल रेषेच्या बोटभर खाली होता आणि गाडीत एक गोडसर वास यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "फणस पिकला वाटतं." फणस नव्हता तो.

कधीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं आठवलं: गाडी तापली की एसी बंद करायचा आणि हीटर लावायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनमधलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता आपल्या अंगावर फेकतो. आपण भाजतो, इंजिनाला जरा दम मिळतो. काचा खाली केल्या, हीटर पूर्ण लावला. मागून जाऊबाई ओरडल्या. पण मिनिटभरातच हीटरमधून यायची ती गरम हवा साधी वाटायला लागली. मला वाटलं, चला, इंजिन थंड झालं. खरं तर उलट होतं. हीटरपर्यंत पोचायला आत पाणीच उरलं नव्हतं. काटा वर आणि हीटर गार, ही सगळ्यात वाईट खूण. हे मला नंतर कळलं. तेव्हा नशिबाने एक रुंद वळण आलं, कठड्याच्या आत जागा होती, तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

मुलाने मागच्या चाकांना दगड लावले. मी इंडिकेटर चालू ठेवून बॉनेट उघडायला गेले, हातात पाण्याची बाटली. रेडिएटरच्या झाकणाला फडकं लावलं, एवढ्यात मागून आवाज आला, "ओ ताई! झाकणाला हात लावू नका!"

मागून येणारा टेम्पो थांबला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. जवळ आला, काही न बोलता उजव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी ताणलेली, चकचकीत, एकही केस नसलेली. "वीस वर्षं झाली," म्हणाला. "एक सेकंद लागला फक्त."

त्याचं कारण समजून घेतल्यापासून मी त्या झाकणाकडे कुकरच्या झाकणासारखं बघते. माझ्या गाडीच्या झाकणावर १.१ असा आकडा आहे. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त दाब आत धरून ठेवायचा. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब गेला, आणि शंभरच्या वर असलेलं ते पाणी त्याच क्षणी उकळून वाफेसकट अंगावर येतं. कुकरची शिट्टी पडायच्या आधी झाकण ओढणाऱ्या बाईला आपण काय म्हणू? मी तेच करायला निघाले होते, तेही फडकं लावून, म्हणजे फार काळजी घेतल्यासारखं.

टेम्पोवाले दादा तासभर थांबायला सांगून निघून गेले. जाताना पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवून गेले. कॅन परत कुठे द्यायचा विचारलं तर म्हणाले, "घाटात कुणाला तरी द्या."

त्या तासात माकडांनी एका आंब्याच्या पेटीचा अंदाज घेतला, एवढंच. रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होस हाताला कोमट आणि मऊ लागल्यावर झाकण फडक्याने आधी थोडं फिरवलं, फुस्स आवाज पूर्ण थांबू दिला, मग काढलं. आत बघितलं तर पाणी दिसेना. पाणी ओतायचं ते थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर तडा जातो. जवळजवळ तीन लिटर आत गेलं. अख्ख्या गाडीत मावतं चार-साडेचार लिटर. म्हणजे किती दिवस आम्ही कोरड्यावर चाललो होतो कुणास ठाऊक.

थांबत थांबत हेळवाक, कोयनानगर आणि मग पाटण. पाटणला फिटर मिळाला. गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झाला आणि पहिला प्रश्न, "सायेब न्हाईत व्हय संगं?" नाहीत, मीच चालवते म्हटल्यावर मात्र त्याने पुढचं सगळं मला दाखवून दाखवून केलं, त्याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माफ.

खालच्या होसचा क्लॅम्प सैल. तिथून थेंब थेंब गळत होतं, होसच्या तोंडाशी पांढरट खपली धरली होती. रेडिएटरचा खालचा नळ सोडला तर बाहेर आलं ते चहासारखं तपकिरी पाणी. आधीच्या मालकाने, आणि खरं सांगायचं तर नंतर मीही, बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी खाली गेलं की नळाचं पाणी घातलं होतं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता, सोबत गंज. कूलंटमध्ये, म्हणजे नुसत्या पाण्याऐवजी घालायच्या रंगीत द्रवात, गंज न धरू देणारी रसायनं असतात. नुसत्या पाण्यात ती कुठून येणार?

त्याने ऑइलची पट्टी काढून उजेडात धरली. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर समजायचं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची सील, गेलं आणि पाणी ऑइलमध्ये शिरलं. ते तसं नव्हतं. "आनि दोन वळनं मारली असती तर हेड उतरवाय लागलं असतं," म्हणाला. मग थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचा, विषय निघाला. "व्हाल काढून टाकू का? कायमची कटकट मिटंल." हा सल्ला मला नंतर पुण्यातही दोघांनी दिला. पण तो व्हाल काढला की इंजिन लवकर तापत नाही, थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं. मी नको म्हटलं, ते काही ज्ञान होतं म्हणून नाही; गाडीतला एक भाग काढून टाकून गाडी बरी होते हे मनाला पटेना.

सतरंजीवरून उठता उठता तो म्हणाला, "मॅडम, पान्याचं ऱ्हाऊद्या. हिकडं या."

पुढचं डावं चाक पूर्ण आत वळवून त्याने मला टायरची आतली बाजू दाखवली. बाहेरून बघितलं तर टायर ठीकठाक, नक्षी शाबूत. आतल्या कडेला मात्र रबर संपून तारा दिसत होत्या. चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं, सगळं वजन आतल्या कडेवर. मी रोज सकाळी त्या टायरच्या शेजारून जात होते. आणि या टायरवर आम्ही माणसं, फणस, नारळ घेऊन घाट चढून आलो होतो.

स्टेपनी काढली. स्टेपनी अगदी नवीकोरी, एकदाही न वापरलेली. हवा मोजली तर बारा. हवी होती तेहतीस. शिवाय टायरच्या बाजूला डीओटीच्या पुढे लांबलचक अक्षरं असतात, त्यातले शेवटचे चार आकडे ३११६. २०१६ सालचा ३१ वा आठवडा. म्हणजे गाडीबरोबर आलेली, जवळजवळ आठ वर्षांची. न वापरलेलं रबरसुद्धा म्हातारं होतं. खाचांच्या तळाशी नखाएवढ्या बारीक भेगा होत्या. तिच्यात हवा भरून, पुढच्या डाव्या चाकाच्या जागी लावून, साठच्या वर न जाता पुणं गाठलं. खंबाटकीला सासूबाई काट्याकडे आणि मी रस्त्याकडे बघत होतो.

पुण्यातलं काम तीन दिवस चाललं. रेडिएटर उतरवून साफ, दोन्ही होस आणि क्लॅम्प नवे, झाकण नवं. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून दाब धरून बघितला, अर्ध्या तासात काटा हलला नाही, म्हणजे वॉटर पंप आणि बाकीचे जोड घट्ट. थर्मोस्टॅटही नवा टाकला. जुना मी मागून घेतला.

तो घरी गॅसवर उकळला. वेडेपणा वाटेल, पण मला बघायचंच होतं. जुनं पातेलं, दोऱ्याला लटकवलेला थर्मोस्टॅट, शेजारी दुधाचा थर्मामीटर. त्याच्यावर ८२ कोरलेलं. आत मेणाची गोळी असते. ती ८२ अंशांना वितळून फुगायला लागते आणि झडप ढकलते. पाणी ८२ झालं. काही नाही. ८८. काही नाही. मुलगा म्हणाला, झोपलाय. ९५ ला झडप कशीबशी केस जाईल एवढी सरकली आणि तिथेच अडकली. घाटात रेडिएटरमध्ये पाणी असतं तरी ते इंजिनपर्यंत धड पोचलं नसतं. त्या पातेल्यात पुन्हा चहा केलेला नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. म्हणूनच गॅरेजवाल्याने काढलेलं पाणी गटारात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवलं; कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

नवं कूलंट भरताना रंगावरून माझा घोळ झाला. हिरवं, लाल, निळं, दुकानात सगळे रंग. गॅरेजवाला म्हणाला, रंग कंपनी टाकते, त्यावर जाऊ नका. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. तयार मिश्रण असेल तर तसंच ओतायचं. घट्ट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. भरून झाल्यावर झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, हीटर लावला आणि बुडबुडे संपेपर्यंत थांबलो. आतली हवा निघाली नाही तर भरलेली गाडीही तापते. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला तेव्हा झाकण लावलं. हा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक फिरतो, तेव्हा ओढणी सांभाळा.

टायर चारही बदलले. इथे मला एक गोष्ट खटकली ती लिहिते. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा "किती?" विचारतो आणि आपण "तीस-बत्तीस" असं ठोकून देतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो तो जास्तीत जास्त दाब, तो भरायचा नसतो. आणि "उन्हाळ्यात दोन पॉइंट कमीच ठेवा, हवा तापून फुगते" हे तर मी वर्षानुवर्षं ऐकत आणि करत आले. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त दुमडते, त्यातून टायर आणखी तापतो आणि फुटतो. मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. लांबून आल्यावर चार-पाच पॉइंट जास्त दिसली तर सोडायची नाही.

डिसेंबरात समृद्धीवरून नागपूरला गेलो, तेव्हा निघण्याआधी सहाही आकडे तपासले, चार टायर, स्टेपनी आणि कूलंटची बाटली. सरळ सिमेंटचा रस्ता, १२० ची मर्यादा, तासन्‌तास एकच वेग. तिथे आतल्या तारा दिसणारा तो टायर असता तर, हा विचार जालन्याच्या पुढे डोक्यात आला आणि वर्ध्यापर्यंत गेला नाही.

बाटलीवरच्या कमाल-किमान रेषा पुसट झाल्या होत्या, म्हणून मी नेलपॉलिशने एक लाल रेघ मारली आहे. रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, टॉर्च मारून बघते. टेम्पोवाल्या दादांचा कॅन अजून डिकीतच आहे, भरलेला. घाटात अजून कुणी भेटलं नाही. गेल्या रविवारी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. जमिनीवर डाग नाही, होस कोरडे. गॅरेजवाल्याला फोन केला, मंगळवारी घेऊन या म्हणालाय. तोपर्यंत बसने जातेय.