शून्याला शेपटी

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतंच म्हणून: गरज सगळ्यांची असताना, मदतीचा उपयोग होतो का हे तपासायला चिठ्ठ्या टाकून काहींना मदत द्यायची नि बाकीच्यांचा नुसता सर्व्हे करायचा, हे संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिकवताना मला काहीच वाटत नाही का?

वाटतं. पण पैसा सगळ्यांना एकदम पुरत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. मेक्सिकोत १९९७ साली प्रोग्रेसा ही गरीब कुटुंबांना रोख रक्कम देणारी योजना सुरू झाली, तेव्हा अभ्यासातल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी रक्कम मिळाली, १८६ गावांना नंतर. आधी कोण, हे ओळखीपाळखीवर ठरण्यापेक्षा चिठ्ठीवर ठरलेलं काय वाईट? शिवाय मदतीने भलं होतंच, हे गृहीत तरी कसं धरायचं? हैदराबादेत १०४ पैकी ५२ वस्त्यांत मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेच्या, शाखा आधी उघडल्या. तुलना केली तेव्हा सरासरी घरखर्च काही वाढलेला दिसला नाही. तुलनेला बाकीच्या वस्त्या नसत्या, तर हप्ते वेळेवर येताहेत एवढ्यावरच सगळे खूश राहिले असते.

हे मला तोंडपाठ आहे. तरी त्या यादीची आठवण आली की अडखळते.

मी शिकवलेल्या एका कार्यकर्तीने तुलना गटातलं, म्हणजे चिठ्ठी न निघालेलं, एक गाव कार्यक्रमात घातलं होतं. छापील यादीत त्या गावापुढच्या शून्याला निळ्या पेनाने शेपटी जोडून एक केलेला. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतलंस, म्हणाले. ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, बेसलाइनला, त्या पहिल्या सर्व्हेला, मीच गेले होते. एका बाईने दीड तास बसून कोणाचं किती देणं आहे, सगळं सांगितलं. पुढच्या सर्व्हेला जाऊन तिला काय सांगू?"

आमच्या पाच दिवसांत नमुना किती मोठा हवा, माणसं गळाली तर काय, गटांची सरमिसळ कशी टाळायची, सगळं होतं. चिठ्ठी न निघालेल्या दारात काय बोलायचं, याला एक ताससुद्धा नव्हता.

विश्लेषणात ते गाव मूळ चिठ्ठीप्रमाणे तुलना गटातच धरलं, नियमच तो. तेव्हाची मी ठासून सांगायचे, भावना घरी ठेवून या. आज तसं म्हणवत नाही. पण तिने बरोबर केलं, असंही म्हणणार नाही. निधी ठरलेला होता. तिथे गेलं ते दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या वाट्याचं होतं, आणि त्या दुसऱ्या गावातल्या बाईला आम्ही कोणीच भेटलो नव्हतो.

आता चौथ्या दिवशी सराव घेतो. एक जण दारात, एक जण आत. गेल्या खेपेला आत मी बसले. समोरच्याने चिठ्ठीचं सगळं नीट, खरं सांगितलं. माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं, "मग माझं नाव का नाही?"