एटी डेज: मालकाची पैज आणि बँकेतला मुक्काम

'एटी डेज' हा गेम पूर्ण झाला. लंडनला मुदतीत पोहोचलो, पैज जिंकली. तरी गेममधल्या बँकेचा राग काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

केंब्रिजच्या इंकल या छोट्या स्टुडिओने 2014 मध्ये काढलेला हा गेम. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'वर बेतलेला, लेखन मेग जयंत यांचं. गोळीबार नाही, मारामारी नाही. वाचायचं, काय बोलायचं ते निवडायचं आणि पुढचं शहर ठरवायचं. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावणारे फॉगसाहेब तुम्ही नसता, त्यांचा नोकर पासपार्तू असता. बॅगा, गाड्यांच्या वेळा, साहेबांची तब्येत, पैशाचा मेळ, सगळं तुमच्या गळ्यात.

कादंबरी मी शाळेत असताना करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचली होती. त्यात फॉग वीस हजार पौंडांच्या नोटा बरोबर घेऊनच निघतो. भारतात खोलबीजवळ रेल्वेचे रूळ संपले तर दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो आणि पुढे जातो. गेममध्ये ही श्रीमंती नाही. इथं पैसा संपतो.

माझा आशियात संपला. साहेबांची तब्येत ढासळली होती, त्यामुळे स्वस्तातला खडतर रस्ता सोडून महागडं तिकीट काढावं लागलं. पुढच्या शहरात उतरलो तेव्हा खिशात हॉटेलपुरते पैसे उरले होते. जहाज समोर, सुटायची वेळ समोर, तिकिटाची रक्कमही समोर. मग बँक. आणि बँकेचा नियम असा की जेवढी रक्कम मोठी तेवढे दिवस थांबा. थोडे घ्यावेत तर पुढच्या शहरात पुन्हा तीच रड. जास्त घ्यावेत तर जहाज गेलं. त्यात थांबलेल्या रात्रींचं हॉटेल आपल्याच खिशातून! पैसे मिळवण्यासाठी थांबायचं आणि थांबण्यासाठी पैसे खर्चायचे, ही कुठली पद्धत? दिवसांचा आकडा वाढतोय, फॉगसाहेब ढिम्म बसलेत, एका शब्दाने विचारत नाहीत. त्यांची पैज आणि जीव टांगणीला माझा. धाकटा भाऊ रंकाळ्यावर फिरून आला आणि मोबाईलमध्ये डोकावून म्हणाला, "दादा, अजून तिथंच?" तेव्हा त्याच्यावर खेकसलो होतो. खरं सांगायचं तर कादंबरी वाचताना पासपार्तूची एवढी काळजी मला कधीच वाटली नव्हती. ती या बँकेने वाटायला लावली, हे मान्य करतो. पण तेवढ्यासाठी इतके दिवस खायची गरज नव्हती.

सुटका बाजारातून झाली. काही वस्तूंना कुठल्या शहरात चढा भाव मिळेल ते गेम दाखवतो. बॅगेतली एक वस्तू पुढच्याच शहरात चांगल्या भावाने जाणार होती. म्हणून बँकेतून अगदी थोडी रक्कम उचलली, जवळचा टप्पा गाठला, तिथं ती विकली आणि थेट बंदराकडे पळालो. त्या क्षणी जो आनंद झाला तो शेवटी पैज जिंकल्यावरही झाला नाही. म्हणून पहिल्यापासून बॅगेत विकाऊ माल ठेवा आणि बँकेचं दार शक्यतो बघूच नका. मात्र बॅगा भारंभार नकोत, प्रत्येक वाहनात सामानाची मर्यादा असते.

शहरात असताना घड्याळ चालूच असतं, हे आधीच सांगायला हवं होतं. चहा ठेवायला उठलात तरी ते थांबत नाही. प्रवासात सहप्रवाशांशी बोलत राहा, नवे मार्ग त्यांच्याकडूनच कळतात. मजकूर सगळा इंग्रजीत आणि साडेसात लाख शब्दांच्या घरातला आहे, पण एका फेरीत त्यातला थोडाच वाट्याला येतो, तेव्हा घाबरू नका. आणि हो, काही वाहनांना जादा पैसे दिले की ती लवकर निघतात. माल विकून आलेला पैसा मी तिथंच घातला आणि बँकेने खाल्लेले दिवस भरून काढले.