नवरा-बायकोच्या फायली: दादरमधल्या आमच्या ऑफिसची वाटचाल

२००३ साली दादर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर मी टायपिंग, भाषांतर आणि नोटरीच्या कागदांचं काम सुरू केलं. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीची पत्रं, मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं असं मिळेल ते काम घ्यायचे. व्हिसाचं काम करायचं हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. पण तो काळ अमेरिकेला निघालेल्या इंजिनियर मुलांचा होता. मुलगा आधी जायचा, वर्षा-दोन वर्षांनी तीन आठवड्यांची रजा काढून लग्नाला यायचा, आणि अक्षता पडल्या की अख्खं घर कागदांच्या मागे लागायचं. अमेरिकन वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, बीकेसीला ती २०११ मध्ये गेली. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी लोक धावत आमच्याकडे यायचे, कारण काहीतरी राहून गेलेलं असायचं. बहुतेक वेळा ते नावातच असायचं.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, तर कितीतरी घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि पेढे वाटतात. पुढे रेशनकार्डावर नवं नाव, बँकेत नवं नाव, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर, पदवीवर, पासपोर्टवर जुनं. सासर-माहेरच्या लोकांना ही एकच मुलगी आहे हे ठाऊक असतं, पण फाईल वाचणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यासमोर दोन बायका उभ्या राहतात. त्यात पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. लग्नानंतर तिथे नवऱ्याचं नाव आलं की विमानाचं तिकीट एका नावाने आणि व्हिसा दुसऱ्या नावाने.

ही गाठ सोडवायचा रस्ता सरळ आहे, फक्त वेळ लागतो. नावबदलाची नोंद राज्य शासनाच्या राजपत्रात करून घ्यायची, मग आधार, बँक आणि शेवटी पासपोर्ट. पूर्वी त्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत, आता ते काम ऑनलाइन होतं. तरी माझं ठाम मत आहे, आणि नव्या जोडप्यांना मी ते पहिल्याच भेटीत सांगते: जायची घाई असेल तर नाव बदलूच नका. बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे अशी अट ना आपल्या पासपोर्ट कार्यालयाची आहे, ना अमेरिकेची, ना इंग्लंडची. लग्नाचा दाखला पुरतो. हे ऐकून काही सासूबाई नाराज होतात. त्यांच्याशी मी शांतपणे बोलते. नावाचा मान घरात राहतोच, फक्त कागदावर एक नाव सलग राहू द्या म्हणते. बहुतेक जणी ऐकतात.

२००७ च्या सुमारास माझी नणंद नोकरी सोडून माझ्याबरोबर आली. तिचं इंग्रजी उत्तम, आणि नियम मुळातून वाचायची तिला आवड. ती आल्यावर आम्ही भाडेकरारांचं काम हळूहळू कमी केलं आणि जोडप्यांच्या, कुटुंबांच्या फायलींवरच लक्ष द्यायचं ठरवलं. हेही तेव्हाच ठरलं की आम्ही वकील नाही, तर वकिली करायची नाही. कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार फक्त वकिलांना आणि तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आहे. इंग्लंडमध्येही असंच बंधन आहे. कायद्याचा प्रश्न आला की आम्ही माणसाला योग्य ठिकाणी पाठवतो. कागद जमवणं, दुरुस्त करणं, भाषांतर करणं, क्रमाने लावणं, एवढंच आमचं काम. पण मला वाटतं, हे 'एवढंच' फार मोठं आहे.

लग्नाची तारीख हा दुसरा मोठा विषय. एक उदाहरण सविस्तर सांगते. गिरगावातलं एक कुटुंब आलं होतं. मुलगा अमेरिकेत, नोकरीतून ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला, बरीच वर्षं रांगेत. लग्न ठरलेलं, डिसेंबरचा हॉल बुक झालेला, साड्यांची खरेदी चालू. ते आले होते मुलीच्या दाखल्यांच्या भाषांतरासाठी. नणंदेने सहज विचारलं, मुलाचं ग्रीन कार्ड केव्हा अपेक्षित आहे? त्यावर मुलाचे वडील आनंदाने म्हणाले, "कदाचित दिवाळीपर्यंत येईल."

इथेच सगळं अडलं असतं. ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालेलं असेल तर बायकोला नवऱ्याच्या अर्जाच्या आधारावर मागून जाता येतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर लग्न झालं, तर तिच्यासाठी एफ२ए नावाच्या प्रवर्गात नवा अर्ज करावा लागतो, आणि तिथे स्वतंत्र रांग आहे. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला रांग नाही, कार्डधारक असेल तर आहे. दरम्यान एच-४ ची, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाची, वाटही बंद होते, कारण कार्ड मिळाल्यावर नवऱ्याचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा उरत नाही. पर्यटक व्हिसा मागायला जावं तर ती तिथेच राहायला निघाली आहे हे उघड दिसतं, आणि तो नाकारला जातो. दोन महिन्यांच्या फरकाने नवं जोडपं कितीतरी काळ वेगळं राहतं.

आम्ही त्यांना मुलाच्या तिथल्या वकिलाशी बोलायला सांगितलं. वकिलानेही तेच सांगितलं: लग्न आधी करा. मग प्रश्न आला कसं करायचं याचा. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं, मग नोटीस, मग आणखी तीस दिवस. मुलाला रजा तेवढी नव्हती, पण मुलगी मुंबईतच होती, त्यामुळे नोटीस आधी देऊन चालली असती. घरच्यांना मात्र विधीशिवाय लग्न नको होतं. वैदिक पद्धतीने छोटं लग्न करून महापालिकेच्या विभाग कार्यालयात त्याची नोंदणी करायची असं ठरलं. त्यासाठी तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते. अडचण एकच होती, चातुर्मास सुरू झालेला. मुलाच्या आजीने स्वतः पंचांग काढलं आणि त्यातला आपत्कालीन विवाहमुहूर्त बोटाने दाखवला. राहत्या घरी, जवळच्या माणसांत लग्न लागलं. डिसेंबरला हॉलमध्ये मोठा सोहळाही झाला.

आता फाईलमध्ये दोन तारखा झाल्या, पत्रिका डिसेंबरची आणि दाखला त्याआधीचा. अशा वेळी काही लोक एक तारीख दडवायला बघतात. आम्ही दोन्ही सोहळ्यांचे फोटो लावले आणि एका पानाच्या पत्रात घडलं ते सरळ लिहिलं. मुलाखतीत मुलीला हेच विचारलं, तिने हेच सांगितलं, आणि तिचा व्हिसा झाला.

मे २०१५ मध्ये एच-४ वर असलेल्या काही बायकांना अमेरिकेत काम करायची परवानगी मिळाली. ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर झाला आहे, किंवा ज्यांच्या नवऱ्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवला गेला आहे, त्यांच्यापुरतीच. तोपर्यंत आमच्या फायलींतल्या कितीतरी मुली, चांगल्या शिकलेल्या, इथली नोकरी सोडून तिथे वर्षानुवर्षं घरी बसलेल्या. त्या आठवड्यात त्यांच्या आयांचे फोन सुरू झाले. "ताई, पदवीचे कागद पुन्हा लागतील का हो?" असं विचारताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो मी विसरणार नाही. हाती घेतलेलं काम योग्य आहे याची खात्री मला त्या दिवसांत पटली.

इंग्लंडच्या फायली वेगळ्या. तिथे सगळं पैशावर. जुलै २०१२ पासून बायकोला किंवा नवऱ्याला बोलावणाऱ्याची वार्षिक मिळकत १८,६०० पौंड असावी लागायची, ११ एप्रिल २०२४ पासून तीच अट २९,००० पौंडांची झाली. मुलुंडची एक मुलगी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, तिचा नवरा लेस्टरमध्ये, पगार कमी. तिला वाटत होतं आपला पगार धरतील. इथून अर्ज करताना तो धरत नाहीत, तिथे राहणाऱ्याचीच मिळकत बघतात. मिळकत अजिबात न दाखवता नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हवेत. वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा. मनापासून सांगते, हा नियम मला अन्यायाचा वाटतो. पण जोडप्याला खोटी आशा दाखवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी आकडा समोर ठेवणं बरं. त्या नवऱ्याने नोकरी बदलली, सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमवल्या, मग अर्ज केला.

जर्मनीला बायकोने जाताना बहुतेकदा ए१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन लागतं, त्यासाठी मुली काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देतात. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असेल तर ती अट नाही. आखाताचं काम कागदोपत्री जास्त किचकट. एका सरकारी शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या अपॉस्टिल करारात संयुक्त अरब अमिराती नसल्याने लग्नाचा दाखला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांची वकिलात अशा क्रमाने साक्षांकित करावा लागतो.

आई-वडिलांच्या फायली माझ्या सगळ्यात आवडत्या. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, आई-वडिलांना न्यायचं म्हणतो. वडिलांचा जन्म १९४० च्या दशकात राजापूर तालुक्यातल्या एखाद्या गावी. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदाच १९६९ चा. मग तहसील कचेरीत गाव नमुना १४ शोधायचा, म्हणजे कोतवाल बुक. काही पानं मोडीत असतात, ती वाचून घेण्यासाठी आम्ही मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची मदत घेतो. तिथे सापडतं काय, तर 'अमक्याची बायको, मुलगा', एवढंच. मुलाचं नावच नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. नोंद मिळालीच नाही तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. एका आजोबांच्या थोरल्या बहिणीने वयाच्या नव्वदीत खुर्चीवर बसून नोटरीसमोर सांगितलं, "हा झाला तेव्हा मी विहिरीवर होते, मला हाक मारायला आले." आम्ही ते तसंच लिहिलं आणि भाषांतरही तसंच केलं.

लग्न न केलेल्या जोडप्यांचं कामही येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, पण कॅनडा बारा महिने एकत्र राहिलेल्या जोडीदाराला ओळखतं, मग ते दोन पुरुष असोत वा दोन बायका. गोरेगावची दोन मुलं आली होती. त्यांच्याकडे दोघांच्या नावाचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार होता, गॅसचं बिल होतं, सामाईक खातं होतं. मुंबईत घरमालक असा करार करायला किती कुरकुरतात हे ज्याने घर शोधलं त्यालाच कळेल. तो करार त्यांच्या फायलीतला सगळ्यात मोलाचा कागद ठरला. आमच्या ऑफिसात त्यांना खुर्ची आणि चहा सगळ्यांसारखाच मिळाला, आणि तसाच मिळत राहील.

खोट्या कागदांबद्दल बोललंच पाहिजे. दुसऱ्या एका एजंटकडून हात पोळून आलेली कुटुंबं आमच्याकडे नेहमी येतात. कोणी बँकेचं बनावट स्टेटमेंट जोडलेलं असतं, कोणी लग्नाचे फोटो 'तयार' करून दिलेले असतात. फसवणूक सापडली की कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, इंग्लंड दहा वर्षं, आणि अमेरिकेत तो डाग कायमचा राहू शकतो. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, सही मात्र अर्जदाराची असते. आम्ही असं एकही काम घेत नाही, ओळखीतलं असलं तरी. 'व्हिसा मिळवून देतो' असंही कधी म्हणत नाही, कारण तो देणारे आम्ही नाही.

२०२० मध्ये सगळंच थांबलं. वकिलाती बंद, जूनमध्ये अमेरिकेने नवे एच-१बी आणि एच-४ व्हिसे रोखले, ते मार्च २०२१ अखेरपर्यंत. लग्न करून इथे अडकलेल्या मुलींच्या फायली कपाटात तशाच पडून. भाडं भरायला आम्ही पुन्हा भाडेकरार टाइप केले, पण दोन्ही मुलींना, म्हणजे आमच्याकडे काम करणाऱ्या, पगार दिला. त्यानंतर २० सप्टेंबर २०२५ चा शनिवार आठवतो, सर्वपित्रीच्या आदला दिवस. सकाळी उठतो तो एच-१बी साठी एक लाख डॉलर शुल्काची बातमी. सुट्टीवर आलेले लोक निम्म्या बॅगा भरून विमानतळावर निघाले. आम्ही ऑफिस उघडलं आणि येईल त्या फोनला एकच सांगितलं: मूळ आदेश वाचल्याशिवाय तिकीट बदलू नका, कंपनीच्या वकिलाला विचारा. पुढच्या चोवीस तासांत खुलासा आला की हे शुल्क नव्या अर्जांपुरतं आहे. ज्यांनी थोडं थांबून विचारलं, त्यांचे तिकिटाचे पैसे वाचले.

आता नणंदेची मुलगीही आमच्यात आली आहे. परदेशी सुनांचं आणि जावयांचं काम ती बघते, ई-एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची ऑनलाइन नोंदणी, आणि लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाली की ओसीआयचा, म्हणजे भारतात कायम येण्या-राहण्याच्या कार्डाचा, अर्ज. शनिवारी सकाळी आम्ही ज्येष्ठांचे कागद विनामूल्य तपासून देतो. पहिल्या भेटीला येताना दोघांचे पासपोर्ट, जुने रद्द झालेलेसुद्धा, दहावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखले, लग्नाचा दाखला आणि पत्रिका घेऊन या. आधी कधी व्हिसा नाकारला गेला असेल तर ते पत्र सगळ्यात वर ठेवा. आणि जमेल तोवर दोघंही या. एक जण परदेशात असेल तर वेळ आधी कळवा, आम्ही त्यांच्या वेळेला फोन लावतो.